एकट्या नाखव्याचं सुकाणू

होडीतल्या वस्तू एकमेकींशी भांडत, त्या काळची गोष्ट. झिलू नाखव्याने आपल्या छोट्या शिडाच्या होडीच्या सुकाणूचा दांडा काढला आणि सुकाणू फिरवायला गलबतावरचं चकचकीत चाक बसवलं.

"काय रे लाकडा, संपलं ना राज्य?" चाकाने डिवचलं.

"आधी होडी घरी तर ने," तळाशी पडलेला दांडा म्हणाला.

खाडीच्या तोंडाशी वारा फिरला. होडी खडकाकडे निघाली. झिलू शिडाची दोरी ओढायला धावला.

"मला सोडू नकोस!" चाक किंचाळलं. "दोन्ही हात लाव!"

"मग शीड कोण ओढणार, तुझा बाप?" झिलू ओरडला.

झिलूने चाक सुकाणूला जोडणारी दोरी तोडली, दांडा सुकाणूत खोचून काखेत दाबला आणि दोन्ही हातांनी शीड खेचलं. होडी खडकाला घासता घासता वळली.

चाक हिरमुसलं.

"अरे, गलबतावर तुझ्या दिमतीला माणसं असतात," दांडा हसून म्हणाला. "इथे नाखवा एकटाच आहे."