शंखुलीला हवं मुळ्याचं पान

त्या संध्याकाळी खिडकीतून पान पडलं नाही.
पाकीट पडलं. चुर्र!

खिडकीखाली एक कोपरा होता. ओला ओला, गार गार. तिथे राहायची शंखुली. शंखुली म्हणजे एक इवलीशी गोगलगाय. पाठीवर घर. डोक्यावर शिंगं. आणि भित्री तरी किती! कुणी शिंकलं, की सुळ्ळकन घरात.

वर कुहूचं स्वयंपाकघर होतं. कुहूचे बाबा बाजारातून मुळा आणायचे. मुळा चिरायचे. पिवळी पानं खिडकीतून टाकायचे. टप! शंखुली खायची. कुरुम कुरुम.

त्या दिवशी पान नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोज नुसती वेफर्सची पाकिटं. चुर्र! चुर्र!

पाकिटातून चुरा सांडला. शंखुलीने तोंड लावलं.
"आई आई गं! मीठ!"
अंगाची आग आग झाली. सुळ्ळकन घरात.

पोट रिकामं. कोपरा रिकामा.
"कुणी आहे का?" शंखुलीने हाक मारली.
नुसती पाकिटं चुरचुरली.

मग शंखुली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. भिंत चढली. खिडकीतून आत गेली.

ओट्याखाली होती टोपली.
"टोपलीताई, टोपलीताई, पान दे.
माझी भूक जाईना."
टोपली म्हणाली, "कुठलं पान नि काय! माझ्या पोटात कोळ्याने जाळं विणलंय. विळी मुळा चिरेल, तेव्हा पान देईन. जा, पुढे जा."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
कोपऱ्यात होती विळी. पात्यावर गंज चढलेला.
"विळीमावशी, विळीमावशी, मुळा चिर.
टोपली पान देईना,
माझी भूक जाईना."
विळी करवादली, "काय चिरू? वारा चिरू? पिशवी मुळा आणेल, तेव्हा चिरीन. जा, पुढे जा!"
शंखुली दचकली. सुळ्ळकन घरात. मग एक शिंग बाहेर. मग दुसरं शिंग बाहेर.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
खिळ्याला होती पिशवी. मान खाली घालून लटकलेली.
"पिशवीआजी, पिशवीआजी, मुळा आण.
विळी मुळा चिरेना,
टोपली पान देईना,
माझी भूक जाईना."
पिशवी म्हणाली, "मला का पाय आहेत, बाळा? बाबा मला हातात घेतील, तेव्हा आणीन. जा, पुढे जा."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
खुर्चीत होते बाबा. दमलेले. बूटसुद्धा पायातच.
"कुहूचे बाबा, कुहूचे बाबा, पिशवी घ्या.
पिशवी मुळा आणेना,
विळी मुळा चिरेना,
टोपली पान देईना,
माझी भूक जाईना."
बाबांनी सुस्कारा टाकला. हुश्श! "मी आणतो मुळा, कुहू फिरवते तोंड. मग काय, आणतो पाकीट! कुहू 'मुळा द्या' म्हणेल, तेव्हा पिशवी घेईन. जा, पुढे जा."

सुळुक... सुळुक... सुळुक...
उंबऱ्यावर होती कुहू. मांडीवर पाकीट. तोंड एवढंसं.
"कुहू, कुहू, मुळा माग.
बाबा पिशवी घेईनात,
पिशवी मुळा आणेना,
विळी मुळा चिरेना,
टोपली पान देईना,
माझी भूक जाईना."
"मुळा नक्को!" कुहू म्हणाली. "तू हे खा." तिने खारट चकती पुढे केली.
"नको गं! झोंबतं!"
शंखुली सुळ्ळकन घरात.
कुहू वाट बघत बसली. एक शिंग बाहेर आलं नाही. दुसरं शिंग बाहेर आलं नाही.
"ए गोगलगाय?"

कुहूला रडू आलं. तिने ओठावरून जीभ फिरवली. ओठ झोंबले. चुर्र!
"मलापण झोंबतं," ती हळूच म्हणाली. तिने पेल्यातलं पाणी शंखावर सोडलं. थेंब, थेंब.
एक शिंग बाहेर आलं.
"बाबा!" कुहू ओरडली. "मुळा द्या! पानांचा मुळा द्या!"

कुहूने मुळा मागितला, तशी बाबांनी पिशवी घेतली. शंखुली पिशवीला चिकटून बसली.

रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान होतं. पाकिटांच्या माळाच माळा. लाल, पिवळ्या, चकचकीत. बाबांचे पाय आपोआप थांबले. हात वर गेला.
शंखुली पिशवीला अजूनच चिकटली.
"बाबा, ते झोंबतं," कुहू म्हणाली. तिने बाबांचं बोट ओढलं. पुढे, पुढे.

बाजारात हौसामावशी भाजी विकत होत्या. त्यांनी मुळ्याची जुडी उचलली.
"पाला मोडून देऊ का, दादा? पिशवीत नीट मावेल."
"द्या मोडून," बाबा म्हणाले. घाईत कुणीही असंच म्हणतं.
मावशींनी पाला मुठीत धरला. शंखुलीला घरात पळायचं होतं. पण ती पळाली नाही. शिंगं ताणून म्हणाली, "नको!"
इतका बारीक आवाज! मावशींना ऐकूच गेला नाही.
कुहूला ऐकू गेला.
"मोडू नका! पाला पण हवा!"
"अगं बया!" मावशी हसल्या. "घेऊन जा बाई, सगळाच्या सगळा. दादा, पाल्याची भाजी करा हो, पोरीला द्या."

पिशवीने मुळा आणला. विळीने मुळा चिरला. चर्र चर्र, चर्र चर्र. कुहूने एक फोड खाल्ली. नाक मुरडलं. "तिखट आहे!" मग अजून एक खाल्ली. कोवळा पाला कढईत गेला. पिवळी पानं टोपलीत गेली.

शंखुली भिंत उतरून खाली आली. सुळुक सुळुक. कोपऱ्यात काळोख होत होता. जुनी पाकिटं वाऱ्याने चुरचुरत होती.
ती घाबरत घाबरत म्हणाली, "कुणी आहे का?"

खिडकीत एक डोकं आलं.
"आहे ना!" कुहू म्हणाली. "टोपलीने पान दिलंय. घे!"

टप!