गोजराबाईचं मशीन आणि दिवसभराची गादी

हरणवाडीच्या महाराजांनी हुकूम काढला, की संस्थानात जे जे अमेरिकेचं असेल ते रंगपंचमीच्या संध्याकाळी तळ्यात बुडवायचं. आणि आमच्या शेजारच्या गोजरा शिंपिणीचं अख्खं घर ज्या एका वस्तूवर चालायचं, ती नेमकी अमेरिकेची. पायानं चालवायचं शिवणाचं मशीन.

गंमत म्हणजे ते तिला दिलं होतं महाराजांनीच. मागे अमेरिकेच्या जुन्या अध्यक्षाचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. गोल चेहरा, हसरे डोळे, मांडीवर नातू. महाराज असे भाळले, की हत्तीचं नाव ‘अमेरिका’ ठेवलं, दरबारात अमेरिकेचं घड्याळ लावलं आणि दसऱ्याला गोजरेला मशीन दिलं. मग तिकडे निवडणूक झाली. नव्या अध्यक्षाच्या कपाळावर ही आठ्यांची जाळी, आणि पहिल्याच भाषणात तो म्हणाला म्हणे, की राजे म्हणजे मखरात बसवलेले बाहुले. झालं! घड्याळ भिंतीवरून उतरलं. हत्तीचं नाव गजानन झालं, पण त्या बिचाऱ्याला ते कुणी सांगावं? हाका मारून माहूत दमला, हत्ती काही वळेना.

गोजरा तडक दरबारात गेली. सोबत म्हणून मी गेले. ऐकायला मिळेल, हेही होतंच.

“महाराज, माझ्या मशीननं काय केलं?”

“मशीन त्या देशाचं आहे. तो देश उद्धट आहे.”

“कुणी पाहिलाय?”

“आम्ही. फोटो पाहिलाय अध्यक्षाचा.”

“मग देश कुठे पाहिलात? कपाळ पाहिलंत.”

दिवाणजींना एकदम खोकला आला. महाराज गादीवर ताठ झाले. “फार बोलतेस! ठीक आहे. गादीवरच्या माणसावरून मुलूख ओळखू नये, असं पंचमीचे दिवे लागायच्या आत आमच्याच तोंडून वदवून दाखव. वदवलंस तर मशीन तुझं. नाहीतर तळ्यात, आणि ढकलायचंही तूच.”

“महाराज शब्द फिरवणार नाहीत ना?”

“आम्ही काय निवडणुकीला उभे आहोत?”

घरी येताना मी तिला म्हटलं, “अगं, देवही त्यांच्या तोंडून असं वदवू शकणार नाही.” गोजरा नुसती गालात हसली. मी तिला लहानपणापासून ओळखते. ती अशी हसली, की कुणाचं तरी काही खरं नसतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. रंगपंचमीला सकाळपासून दिवे लागेपर्यंत गावातलं एक माणूस महाराजांचा फेटा बांधून गादीवर बसतं. ते म्हणेल तो हुकूम, खुद्द महाराजांनाही. आणि ते माणूस गाव निवडतं, चौकात ओरडून. ज्याच्या नावाचा गलका मोठा, तो राजा. त्या वर्षी रघू तेल्यानं सगळ्यांना जिलेबी कबूल केली होती. गोजरा घरोघर सांगून आली, “मला राजा करा, फाटक्या बाह्या फुकट शिवून देते.” शिमग्याच्या दंग्यात कुणाची बाही धड उरली होती? अर्धं गाव जिलेबीसाठी ओरडलं, अर्धं बाह्यांसाठी. बाह्या थोडक्यात जिंकल्या.

त्याच दुपारी ठरल्याप्रमाणे महाराजांचे व्याही आले, सोनखेडचे जहागीरदार. महाराजांची एकुलती एक लेक त्यांची सून. तिचे दिवस भरत आले होते, आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी पाठवायचं का, ते जहागीरदार ठरवणार होते. महाराजांनी तर पाळणासुद्धा रंगवून ठेवला होता.

वाड्याच्या अंगणात मांडवाखाली जहागीरदारांनी पुरणपोळीचा घास उचलला, तोच तिथेच मांडलेल्या गादीवरून आवाज आला, “ते ताट उचला. पाहुण्यांना कालचं ताक द्या. त्यांच्या घोड्याचा चारा काढा आणि घोड्याला हिरवा रंग लावा.”

“हे काय चाललंय?” जहागीरदार उठले.

“बसा खाली, उन्हात,” गोजरा म्हणाली. “जहागीरदार म्हणजे मखरात बसवलेले बाहुले. सावली कशाला हवी?”

जहागीरदारांच्या मिशा थरथरू लागल्या. “व्याहीबुवा, कळली तुमची हरणवाडी! असल्या उर्मट मुलखात मी सुनेला पाठवू? चार वर्षं पाठवणार नाही.”

महाराज धावले, पाय घोड्याच्या रंगात पडला. “अहो, थांबा! ती दिवसभराची राजा आहे.”

“निवडली कुणी? तुमच्याच लोकांनी ना?”

“अर्ध्यांनी! उरलेले जिलेबीसाठी ओरडत होते. आणि दिवे लागले की ती उतरतेय. अहो, इथलं पाणी तेच, माणसं तीच. तुमच्या घरी गुणानं नांदतेय ती पोर इथलीच ना? गादीवर आज कोण बसलंय, त्यावरून का कुणी मुलूख ओळखतं?”

गोजरेनं हळूच फेटा उतरवला आणि महाराजांच्या हातात ठेवला.

“महाराज, अजून उजेड आहे. मशीन घरी नेऊ ना?”

महाराजांनी फेट्याकडे पाहत कुरकुर केली, “पण त्या अध्यक्षानं आम्हाला बाहुला म्हटलं होतं.”

“मीही यांना म्हटलं की.” गोजरेनं जहागीरदारांपुढे ताट सरकवलं, पोळीवर तुपाची धार सोडली. “वाड्यावरच्या स्वयंपाकीण आत्याबाईंच्या हातची आहे. बघा, राजा बदलला म्हणून चव बदललीय का?”

जहागीरदारांनी रागारागानं घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला म्हणाले, “सुनेला अष्टमीला पाठवतो.”

तेव्हा महाराज जे हसायला लागले, ते हिरव्या पायानं खाली बसूनच हसले. तळ्याकाठी नेऊन ठेवलेलं मशीन आणायला हत्ती पाठवला. माहुतानं “अमेरिका!” अशी हाक मारली, आणि तो पहिल्याच हाकेला वळला.

“माग, गोजरे. काय देऊ?”

“दोरा द्या, महाराज. पुष्कळ. अख्ख्या गावाच्या बाह्या फुकट शिवायच्यात.” तिनं पदर खोचला. “निवडून आलेय ना मी!”