कण्हलेलं बेअरिंग

एका श्रावणात मी देवीपुढे नेम धरला होता, दुखलेलं घरच्यांपासून लपवायचं नाही. त्या नेमाची ही गोष्ट.

गाडीचे भाग आपसांत बोलत, त्या काळी शाळेची मुलं नेणाऱ्या एका जीपमधून घूं घूं आवाज येऊ लागला. आवाज पुढच्या डाव्या चाकातल्या बेअरिंगचा होता. पण भंगारात टाकतील या भीतीनं ते गप्प बसलं, आणि आळ गिअरबॉक्सवर आला.

“उद्या माझं पोट उघडणार,” गिअरबॉक्स म्हणाला. “आणि दुखणं दुसऱ्याचंच असेल, तर परवा मुलं घेऊन जाताना घाटात चाक निखळेल.”

बेअरिंगनं ते ऐकलं.

तेवढ्यात आवाज कुठला ते तपासायला आलेल्या काशीराम मिस्त्रींनी उतारावर जीप न्यूट्रलवर सोडली. गिअर सुटला तरी आवाज तसाच राहिला, तसा गिअरबॉक्सवरचा त्यांचा संशय हलका झाला. मग त्यांनी उजवीकडे वळण घेतलं. सगळा भार डाव्या चाकावर आला. दात आवळून गप्प राहता आलं असतं, पण बेअरिंगच्या डोळ्यांपुढे घाटातली ती मुलं आली. जिवाची भीती असूनही ते मोठ्यानं कण्हलं.

मिस्त्रींनी चाक उतरवलं. “नुसतं कोरडं पडलंयस रे. आणखी आठवडाभर गप्प राहिलं असतंस, तर मात्र भंगारातच गेलं असतंस.” त्यांनी ते रॉकेलनं धुतलं, ग्रीस भरलं आणि परत बसवलं.

बायांनो, तुम्हीही हा नेम धरा. काही दुखत असेल, तर आजच घरात सांगा.