ओली वाळू आणि टिकलीची शू

एवढीशी टिकली. निमाची मांजर.
अंग पांढरं. कपाळावर काळा ठिपका. म्हणून टिकली.
आवाज मात्र मोठ्ठा. "म्यांऽऽव!"

टिकलीची एक जागा होती. गॅलरीत होती. निळं घमेलं, घमेल्यात वाळू. कोरडी कोरडी. भुसभुशीत.
टिकली तिथे शू करायची. मग पायाने वाळू ओढायची. खर्र खर्र खर्र. शू झाकून टाकायची.

एकदा काय झालं? सुलूआत्या आली राहायला. निमाच्या बाबांची बहीण.
आत्याला धुवायची भारी हौस. आत्याने कप धुतले. चमचे धुतले. चपला धुतल्या.
मग दिसलं घमेलं.
"अगं बाई! वाळू किती ही धुळकट!"
आत्याने वाळू धुतली. तांदूळ धुवावेत तशी धुतली. चुळूक चुळूक. पाणी ओतलं, पुन्हा धुतली. चुळूक चुळूक.

टिकली आली. वाळूत पाय ठेवला. पच्च!
"शीऽऽ! गार! ओलं!"
पाय झटकला. फट् फट् फट्.
आता शू कुठे करायची?
खोलीत होती निमाची गोधडी. मऊ मऊ. कोरडी कोरडी. टिकली गोधडीवर बसली. आणि...
झाली शू.

"आई गंऽऽ!" सुलूआत्या टुणकन उडाली. तिला मांजराची भीती वाटायची ना!
लांबूनच म्हणाली, "गोधडीवर शू? आता पुन्हा काही भिजलं ना, तर टिकली घराबाहेर! जिन्याखाली! एकटी!"

आत्याने गोधडी धुतली. गॅलरीत दोरीवर टाकली. चिमटा लावला. कट्ट!

जिन्याखाली? एकटी? निमा नाही जवळ?
टिकलीच्या मिशा थरथरल्या.
निमा गेली होती शाळेत. आई-बाबा कामावर. आणि टिकलीला पुन्हा शू लागली!

*शू लागली, शू लागली,*
*टिकली बाई पळू लागली.*
लुटुलुटु लुटुलुटु...

टिकली गेली वाळूकडे.
"वाळूताई, वाळूताई, कोरडी हो ना! टिकलीची शू होईना!"
वाळू म्हणाली, "मी नाही वाळत जा! ऊन आलं तर वाळेन."

*शू लागली, शू लागली,*
*टिकली बाई पळू लागली.*
लुटुलुटु लुटुलुटु...

टिकली गेली उन्हाकडे. ऊन बसलं होतं गोधडीच्या पलीकडे.
"उन्हा, उन्हा, इकडे ये ना!
वाळू वाळेना,
टिकलीची शू होईना!"
ऊन म्हणालं, "मी नाही येत जा! मधे ती गोधडी. गोधडी सरकली तर येईन."

लुटुलुटु लुटुलुटु...
टिकली गेली गोधडीकडे.
"गोधडीमावशी, गोधडीमावशी, बाजूला सर ना!
ऊन येईना,
वाळू वाळेना,
टिकलीची शू होईना!"
गोधडी रुसली होती. फुगली होती. "हं! मला भिजवलं कुणी?"
टिकलीने मान खाली घातली. "मी भिजवलं."
"मग? मी नाही सरकत जा! आणि सरकू तरी कशी? चिमट्याने धरलंय मला. चिमटा सुटला तर सरकेन."

लुटुलुटु लुटुलुटु...
टिकली गेली चिमट्याकडे. लालेलाल चिमटा. तोंड घट्ट मिटलेलं.
"चिमटेभाऊ, चिमटेभाऊ, तोंड उघड ना!
गोधडी सरकेना,
ऊन येईना,
वाळू वाळेना,
टिकलीची शू होईना!"
चिमटा म्हणाला, "म्म्म! म्मी न्नाही ख्खुलत ज्जा! द्दोरी ह्हलली त्तर ख्खुलेन."

तोंडात गोधडी होती ना त्याच्या!

*शू लागली, शू लागली,*
*टिकली बाई पळू लागली.*
लुटुलुटु लुटुलुटु...

टिकली गेली दोरीकडे.
"दोरीकाकू, दोरीकाकू, जरा हल ना!
चिमटा खुलेना,
गोधडी सरकेना,
ऊन येईना,
वाळू वाळेना,
टिकलीची शू होईना!"
दोरी म्हणाली, "मी नाही हलत जा! दिवसभर ओझं वाहते मी. कंबर मोडली माझी. वारा आला तर हलेन."

लुटुलुटु लुटुलुटु...
टिकली गेली वाऱ्याकडे. वारा झोपला होता बदामाच्या झाडात. घुर्रर्र फूऽऽ. घुर्रर्र फूऽऽ. टिकलीने गॅलरीच्या गजांतून डोकं बाहेर काढलं.
"वारेदादा, वारेदादा, ऊठ ना!
दोरी हलेना,
चिमटा खुलेना,
गोधडी सरकेना,
ऊन येईना,
वाळू वाळेना,
टिकलीची शू होईना!"
वाऱ्याने एक डोळा उघडला. "मी नाही उठत जा! कावळा ओरडला तर उठेन." आणि डोळा मिटला. घुर्रर्र फूऽऽ.

टिकलीने पाय आवळले. शेपूट आवळलं. आता अगदी जोरात लागली होती!
लुटुलुटु लुटुलुटु...
टिकली गेली कावळ्याकडे. कावळा कठड्यावरच होता.
"कावळेदादा, कावळेदादा, काव कर ना!
वारा उठेना,
दोरी हलेना,
चिमटा खुलेना,
गोधडी सरकेना,
ऊन येईना,
वाळू वाळेना,
टिकलीची शू होईना!"
कावळा म्हणाला, "उपाशी पोटी काव? मी नाही ओरडत जा! पोळी दिलीस तर ओरडेन."

पोळी? पोळी कुठे? स्वयंपाकघरात.
लुटुलुटु लुटु...
टिकली थांबली. वाटेत होती निमाची उशी. मऊ मऊ. कोरडी कोरडी.
करू?
करू का?
नको! नको नको नको! जिन्याखाली एकटी? नको!
टिकली पळाली.

स्वयंपाकघरात सुलूआत्या पोळ्या लाटत होती.
"म्यांऽऽव!"
"आई गंऽऽ!" आत्या चढली स्टुलावर. एका हातात लाटणं. दुसऱ्या हाताला कणीक. "येऊ नकोस! जवळ येऊ नकोस हं! आणि ओरडू नकोस. काळीज धडधडतं माझं. हळू बोल. अगदी हळू."

टिकली बसली. लांब बसली. आणि हळू बोलली. मुंगीएवढ्या आवाजात बोलली.
"आत्या, आत्या, पोळी दे ना...
कावळा ओरडेना...
वारा उठेना...
दोरी हलेना...
चिमटा खुलेना...
गोधडी सरकेना...
ऊन येईना...
वाळू वाळेना...
टिकलीची शू होईना..."

आत्या वाकली. "काय म्हणालीस? वाळू वाळेना?"
"वाळेना," टिकली म्हणाली. हळूच.
"म्हणून तू गोधडीवर..."
"हो."
आत्याने लाटणं ठेवलं. "अगं बाई! वाळू तर मीच धुतली!"
आत्याने एक पाय खाली ठेवला. टिकली हलली नाही. आत्याने दुसरा पाय खाली ठेवला. टिकली हलली नाही.
आत्याने हात लांब केला. खूप खूप लांब केला. हाताच्या टोकाला होती गरम पोळी.
"घे गं बाळे. पळ!"

आत्याने दिली पोळी.
कावळ्याने खाल्ली पोळी. मटामटा. आणि ओरडला, "काव काव काव!"
वारा उठला, हूऽऽऽश!
दोरी हलली, झुलुक झुलुक!
चिमटा खुलला, कट्ट! "हुश्श! दुखलं हो तोंड!"
गोधडी सरकली, सर्रर्र...
आणि धप्प!

गोधडी पडली कुणावर? सुलूआत्यावर! ती आली होती ना हळूच बघायला!
"आई गंऽऽ! अंधार झाला!"

अंधार कुठला? ऊन आलं! लख्ख आलं! थेट घमेल्यात आलं.
वाळू वाळू लागली. सुर्रर्र सुर्रर्र.
"झालं का?"
"थांब."
"आता?"
"थांब गं, जरा थांब."
"आताऽऽ?"
एक कोपरा वाळला. एवढासाच. टिकली बसेल एवढा.
"आता ये!" वाळू म्हणाली.
टिकलीने मारली उडी. टुण्ण!

आणि...
सुर्रर्रर्रर्रर्र.
झाली टिकलीची शू!
खर्र खर्र खर्र. झाकली पण.

"हुश्श!" म्हणाली टिकली.
"हुश्श!" म्हणाली आत्या, गोधडीतून डोकं बाहेर काढून. "शहाणी गं माझी टिकली! वाळूतच केलीस! आता नाही हो जिन्याखाली जायचं. थांब, ही वाळू छान धुऊन ठेवते."
आत्याने उचलली बादली.

"आत्याऽऽ! नकोऽऽ!"
ओरडला कावळा. ओरडला वारा. ओरडली दोरी, चिमटा, गोधडी, ऊन. सगळ्यांत मोठ्याने ओरडली वाळू.
"आई गंऽऽ!" बादली पडली. ठण्ण!
"बरं बाई बरं. नाही धुवत. मग काय करू?"
"ओला गोळा तेवढा उचल," वाळू म्हणाली. "जुन्या झाऱ्याने. बाकीची मी कोरडीच बरी."

संध्याकाळी निमा आली. पाहते तर काय!
गोधडी होती वाळलेली. गोधडीवर टिकली. घुर्र घुर्र घुर्र. आणि शेजारी सुलूआत्या. अगदी शेजारी नाही हं. एका हाताच्या अंतरावर.
आत्याने एक बोट पुढे केलं. मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं. आणि टेकवलं.
कुठे?
टिकलीच्या टिकलीवर!

वाळू वाळली, गोधडी वाळली,
गोष्टीची आपण घडी घातली.