भंगारातलं जड फ्लायव्हील

त्या धुळाप्पा मिस्तरीचं काय जातंय बोलायला? म्हनं तुझ्या गाडीचं जड फ्लायव्हील काढ, हलकं बसव, गाडी पळंल. मागं एका गाडीत असंच केलं हुतं.

इंजिनामागचं जड चाक भंगारात गेलं. त्याला टेकून फिरनारी क्लच प्लेट जुनीच ऱ्हायली. हलकं चाक तिला म्हनलं, "मावशे, आता बघ मजा." सपाटीला मजा आलीबी. पन घाटात चढाला थांबलेली गाडी परत उचलताना हलक्या चाकाचा जोर सरायचा. इंजिन बंद पडू नये म्हनून मालक क्लच अर्धाच सोडायचा. प्लेट घासून जळाय लागली.

"जरा जोर लाव की रं," ती म्हनली.

"माझ्यात हायच कुठं, मावशे?"

जळकी प्लेट भंगारात जुन्या चाकावर येऊन पडली. "दादा, एवढी वर्सं तुम्हीच ओढत हुता व्हय?"

 जुन्या चाकाला तवर गंज चढला हुता.

तुझं घर घाटात हाय. जड चाकच बसव.