धनेशराव ढोलीत शिरतात

समुद्राच्या मधोमध एक बेट होतं, तेव्हाची गोष्ट. जगात दुसरीकडे कुठेच नसलेले धनेश पक्षी तिथे राहत. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरे, आतून दार लिंपून घेई आणि चोचीपुरती फट ठेवी. नवरा दिवसभर फटीतून तिला उंबरं भरवी.

एकदा ओंडक्यावरून तरंगत एक परदेशी साळुंकी आली. म्हणाली, "काय हे धनेशराव! बाई सावलीत आणि तुम्ही उन्हात हमाली? आमच्याकडे नवरेसुद्धा आत बसतात."

धनेशरावांना पटलं. ते दार फोडून आत घुसले, बायकोला बोलूही न देता दार पुन्हा झकास लिंपलं आणि फटीतून चोच बाहेर काढून आ वासून बसले.

"अहो, उंबर कोण आणणार?" धनेशिणीने विचारलं.

"रोज कोण आणतं?"

"तुम्ही."

"अरेच्चा!"

बाहेर साळुंकी पिकलेली उंबरं मटकावत ओरडली, "बसा निवांत!"

धनेशिणीने दार फोडून नवऱ्याला बाहेर ढकललं आणि पुन्हा लिंपायला घेतलं.

"फट जरा मोठी ठेव गं, उंबर अडकतं," बाहेरून धनेशराव म्हणाले.

"उंबर अडकलेलं चालेल," ती म्हणाली, "तुम्ही आत शिरलेलं नाही."