साळू घर बघायला जाते

एका डोंगरउतारावरच्या दाट जंगलात एक साळू आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. मुलांनो, साळू म्हणजे पाठभर लांब काटे असलेला प्राणी. कोणी त्याला साळिंदरही म्हणतात. पिल्ले मोठी होऊ लागली तसे जुने बीळ पुरेना. एकाने कूस बदलली की दुसऱ्याच्या नाकाला काटा टोचे. त्यातच एक तरस त्या भागात फिरू लागले होते. पिल्लांना निर्धास्त झोपता येईल असे घर कुठे मिळेल, हाच घोर साळूला लागला.

ओढ्यापलीकडे एक कोल्हा राहत होता. त्याचे बीळ ऐसपैस, पण तो एकटा जीव. तो म्हणाला, "वहिनी, आपण अदलाबदल करू. तुमचं मला, माझं तुम्हाला. आधी बघून तर जा!"

साळू बघायला गेली. दुसऱ्याच्या दारात जाताना काटे चापूनचोपून मिटून घ्यायचे, ही साळूंची रीत. तशीच ती दोन खडकांमधल्या दारातून आत शिरली. आत मऊ माती होती, उबदार कोपरे होते. जवळच गोड कंदही होते.

"दार जरा अरुंद वाटतं, भाऊजी."

"अहो, म्हणून तर गार वारा आत येत नाही! इतकी वर्षं ये-जा करतोय, कधी खरचटलंसुद्धा नाही."

ते खोटे नव्हते. साळूही सहज आत-बाहेर झाली होती. तिने होकार दिला आणि पिल्लांना घेऊन राहायला आली.

एका संध्याकाळी ती कंद उकरत असताना तरसाचा वास आला. "आत पळा!" ती ओरडली. पिल्ले सुर्रकन आत गेली. मागोमाग साळू धावली. पण भीतीने तिचे सगळे काटे ताठ उभे राहिले होते. ती दारातच अडकली.

"आई, ये ना आत!"

"येते रे, येते," ती म्हणाली. पण तिला पुढेही सरकता येईना आणि मागेही. तेवढ्यात तरसाने मागून तोंड घातले. काटे कचकन त्याच्या नाकात घुसले आणि ते विव्हळत पळून गेले. भीती ओसरून काटे मिटेपर्यंत साळू तशीच अडकून राहिली. 'आज त्याने घाई केली म्हणून वाचले,' तिच्या मनात आले. 'ते नुसते वाट बघत बसले असते तर?'

सकाळी ती कोल्ह्याकडे गेली. "भाऊजी, तुमच्या दाराने काल जीव घेतला असता माझा!"

"पण वहिनी, माझ्या अंगावर काटे आहेत का? ते तुम्ही बघायचं होतं."

साळूला राग आला. ती तशीच पाय आपटत घरी परतली.

पुढे एक म्हातारे मुंगूस घर बदलणार असल्याचे कळले. साळूने आपल्या घराचा दोष त्याला आधीच सांगून टाकला. मुंगूस खूश झाले. "आम्हाला अरुंदच दार हवं, बाई. रुंद दारातून येणारा-जाणारा डोकावतो. तुम्ही माझं बघा."

साळूने ते आतून-बाहेरून पाहिले. मग ती दारापासून दूर जाऊन उभी राहिली आणि पिल्लांना म्हणाली, "झुडपामागे लपा. आणि आता मला घाबरवा!"

"अहो, घर बघायला आलात की खेळायला?" मुंगूस म्हणाले.

पिल्ले तरसासारखी गुरगुरत अंगावर धावून आली. आपलीच पिल्ले, हे ठाऊक असूनही साळू दचकली, तिचे काटे फुलले आणि ती तशीच धावत सुटली. दार आले, ती आत गेली. एकही काटा कुठे घासला नाही.

आतून तिचा आवाज आला, "काका, घर पसंत आहे!"

तात्पर्य : घर घेण्यापूर्वी ते दुसऱ्याला किती सोयीचे होते किंवा चांगल्या दिवसांत किती छान वाटते, एवढेच पाहू नये, संकटाच्या वेळी ते आपल्याला सामावून घेईल का, हेही पारखून पाहावे.